रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी शॉर्ट टेलिफोटो लेन्सची निवड : खानदेशातील छायाचित्रणाच्या संदर्भात

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर लावायच्या, साधारण ७५ ते १०५ मिमी. फोकल लेंथच्या लेन्स शॉर्ट टेलिफोटो म्हणून ओळखल्या जातात. ३५ मिमी. फिल्मवर ७५ची लेन्स कर्णात सुमारे ३२ अंशांचे दृश्य घेते, ९०ची २७ अंशांचे. नेहमीच्या ५०च्या लेन्सचा कोन ४७ अंशांच्या आसपास असतो. चेहरा, अर्धाकृती, बाजाराच्या गर्दीतून वेगळा काढलेला एकच माणूस, ही या लेन्सची नेहमीची कामे. एसएलआरसाठी, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या आरशाच्या कॅमेऱ्यासाठी, लेन्स घेताना लेन्सचेच गुणदोष पाहिले की भागते. रेंजफाइंडरचे तसे नाही. इथे छायाचित्रकार लेन्समधून बघतच नाही. तो बघतो बाजूच्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, आणि अंतर मोजते ती कॅमेऱ्यातली वेगळी यंत्रणा. त्यामुळे लेन्स किती चांगली, याच्या आधी ती आपल्या कॅमेऱ्याला झेपेल का, हे पाहावे लागते. बहुतेक जण हे शेवटी पाहतात आणि महागडी एफ/२ लेन्स (एफ-आकडा जितका लहान तितके ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, मोठे) घेतल्यावर फोटो शार्प येत नाहीत म्हणून लेन्सला बोल लावत बसतात.

पाया आणि त्याचे गणित

रेंजफाइंडरला पुढून दोन झरोके असतात. एकातून मुख्य दृश्य दिसते. दुसऱ्यातून आलेली प्रतिमा आतल्या आरशांवरून वळून दृश्याच्या मधोमध एका लहान उजळ चौकोनात उमटते. लेन्सची रिंग फिरवली की ही दुसरी प्रतिमा सरकते आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस लागतो. झरोक्यांमधले अंतर म्हणजे पाया. पाया जितका लांब तितके मोजमाप अचूक. पण व्ह्यूफाइंडर दृश्य लहान करून दाखवत असेल, तर त्या प्रमाणात अचूकताही घटते. म्हणून पायाला व्ह्यूफाइंडरच्या वर्धनाने गुणायचे. येईल तो परिणामी पाया, आणि निवडीच्या वेळी उपयोगी पडतो तो हाच आकडा.

लायका एम३ (१९५४) चे वर्धन ०.९१ आहे, तिचा परिणामी पाया सुमारे ६२ मिमी. भरतो. ०.७२ वर्धनाच्या एम६ (१९८४) चा सुमारे ५० मिमी. कोसिनाने काढलेल्या बेसा आर२ए मध्ये मुळात झरोक्यांतले अंतरच ३७ मिमी. आणि वर्धन ०.७, त्यामुळे परिणामी पाया २६ वर येतो. तिचीच बहीण आर३ए डोळ्याला दृश्य जसेच्या तसे, म्हणजे १ वर्धनाने दाखवते, म्हणून तिथे पूर्ण ३७ मिळतात. १९७३ची छोटेखानी लायका सीएल १९ मिमी.च्या आतच आटोपते.

लेन्सला किती पाया लागतो, हे तोंडी काढता येते. फोकल लेंथचा वर्ग करायचा, त्याला एफ-आकड्याने भागायचे आणि मग १०० ने. (डोळा साधारण ०.०००३ रेडियनपर्यंतचा फरक ओळखतो आणि फिल्मवर ०.०३ मिमी.चा धूसरपणा खपून जातो, असे धरले की हा १०० येतो.) ९० मिमी. एफ/२ साठी ८,१०० भागिले २ भागिले १००, म्हणजे ४०.५ मिमी. ९० एफ/२.८ ला २९ पुरतात, ९० एफ/४ ला जेमतेम २०. ७५ एफ/१.४ ला ४० लागतात, ८५ एफ/२ ला ३६, तर १३५ एफ/४ ला ४५.६. विषय दोन मीटरवर असो की वीस मीटरवर, हा आकडा बदलत नाही. दूरच्या विषयाला अंतराची चूक वाढते खरी, पण फोकसची खोलीही, म्हणजे शार्प दिसणारा पुढचा-मागचा पट्टाही, त्याच प्रमाणात वाढते.

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवल्या की निवड निम्मी उरकते. एम३ वर ९० एफ/२ निर्धास्त चालते. एम६ वर चालते, पण यंत्रणा जरा ढळलेली असेल तर हातचे फारसे काही उरत नाही, १.२५ पट मोठे दाखवणारा आयपीस लावला की पाया पुन्हा ६२ च्या घरात जातो. आर३ए साठी एफ/२.८ ही मर्यादा समजावी, आर२ए साठी एफ/३.५. सीएलसाठी लायकाने स्वतःच ९० मिमी.ची एफ/४ एल्मार-सी दिली होती, ती हौस म्हणून नव्हे. सीएलवर ९० एफ/२ लावून पूर्ण उघड्या ॲपर्चरला डोळे शार्प मिळाले, तर त्यात नशिबाचाही वाटा आहे असे समजावे.

चौकट

पायानंतर चौकटीचा विचार. रेंजफाइंडरमध्ये लेन्स बदलली तरी दिसणारे दृश्य तेवढेच राहते. बदलते ती फोटोत किती येईल ते दाखवणारी, आत उजळणारी चौकट. एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ च्या चौकटी आहेत, ७५ ची नाही. ७५ ची चौकट एम४-पी पासून आली, आणि तीही ५० च्या चौकटीच्या आत तुटक कोपऱ्यांपुरती. घाईत नजर तिला सहज चुकते. ८५ ची चौकट लायकात नाही. झाइस इकॉनच्या झेडएम कॅमेऱ्यात मात्र २८ च्या सोबत ८५ ची दिली आहे. ०.७२ वर्धनात ९० ची चौकट दृश्याच्या मध्यावर एक लहान आयत एवढीच उरते. चेहऱ्यावरचा बारीक भाव त्यात टिपणे कठीण, पण चौकटीबाहेरचे सगळे दिसत राहते. हा फायदा एसएलआरला नाही, आणि शटर दाबताना आरसा उडून दृश्य काळे होण्याचाही प्रश्न इथे नाही.

चौकट जवळच्या अंतरासाठी आखलेली असते. दूरच्या विषयाला लेन्स चौकटीपेक्षा थोडे जास्तच टिपते, तेव्हा कडा कसून बांधणाऱ्यांनी तेवढे लक्षात ठेवावे. जवळचे काम या जोडीचे नव्हेच. बहुतेक ९०च्या लेन्स १ मीटरच्या अलीकडे येत नाहीत, आणि तिथे सुमारे २२ × ३३ सेंमी.चा भाग मिळतो. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलटॉप छायाचित्रणासाठी ओळखले जातात. तसली मांडणी करून, वीतभर वस्तू चौकटभर घ्यायची असेल तर रेंजफाइंडर बाजूला ठेवून दुसरा कॅमेरा घ्यावा.

लेन्स

लायकाची ९ सेंमी. एफ/४ एल्मार १९३१ ची, आणि आजही स्वस्तात मिळणारी. युद्धापूर्वीच्या प्रतींच्या काचांवर कोटिंग (चकाकी रोखणारा थर) नसल्याने समोरून प्रकाश आला की चित्र फिके पडते. हूडशिवाय, म्हणजे तोंडावर लावायच्या ऊन अडवणाऱ्या कड्याशिवाय, तिला बाहेर काढू नये. १९५७ पासूनची ९० एफ/२ सुमिक्रॉन उत्तम पण जड. तिच्या उलट टोकाला १९७० च्या दशकातली बारीक टेली-एल्मारिट, एफ/२.८, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. ती आखूड असल्याने व्ह्यूफाइंडरचा उजवा खालचा कोपरा फारसा अडवत नाही. मात्र तिच्या मागच्या काचांवर धुकट थर आलेल्या प्रती बाजारात पुष्कळ फिरतात, टॉर्च लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. कोसिनाच्या ७५ एफ/२.५ कलर-हेलिआर आणि ९० एफ/३.५ अपो-लँथार या दोन्ही लहान, स्वच्छ आणि खिशाला परवडणाऱ्या. लहान पायाच्या कॅमेऱ्यांवरही त्या निभावतात.

युद्धापूर्वीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी झाइसने केलेली ८५ एफ/२ सोन्नार ही या सगळ्या गोतावळ्यातली थोरली. तिच्याच घडणीवर सोव्हिएत ज्युपिटर-९ बेतली आहे. निक्कोरची ८.५ सेंमी. एफ/२ देखील याच वळणाची. १९५० मध्ये टोकियोत जपानी छायाचित्रकार जुन मिकी यांनी ती ‘लाइफ’चे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांना दाखवली आणि जपानी लेन्सकडे जगाचे लक्ष गेले. ज्युपिटर-९ स्वस्त म्हणून मोह होतो. स्क्रू माउंटमधल्या (कॅमेऱ्यावर आट्यांनी फिरवून बसणाऱ्या) तिच्या प्रती लायकावर मोठ्या ॲपर्चरला अनेकदा नेमक्या जागी फोकस होत नाहीत. तिचा मऊपणा आवडणाऱ्यांनी ती घ्यावी, पण कॅमेऱ्यावर लावून, फोटो काढून पाहून मगच. जुनी ३९ मिमी. स्क्रूची लेन्स लायका एम कॅमेऱ्यांच्या एम माउंटवर बसवायला १ मिमी. जाडीची रिंग लागते. रिंग तीन प्रकारची मिळते आणि प्रकारानुसार वेगळी चौकट उजळते. ९०साठी २८/९० ची रिंग मागून घ्यावी.

खानदेशचे ऊन

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात फोटो काढणाऱ्याला एफ/२ ची लेन्स दिवसा फारशी कामाला येत नाही. कारण साधे आहे. भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला (आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता) एफ/१६ वर १/१०० सेकंद लागतो. कापडी शटरच्या एम कॅमेऱ्याचा सर्वांत जास्त वेग १/१०००, म्हणजे ॲपर्चर एफ/५ च्या पलीकडे उघडता येत नाही. ४०० ची फिल्म असेल तर एफ/१० च्याही नाही. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उभे राहून एफ/२ वापरायचे तर आठपट प्रकाश कापणारा एनडी फिल्टर लावावा लागेल. एवढा खटाटोप करण्यापेक्षा एफ/४ ची हलकी लेन्स घेऊन उरलेल्या पैशांत फिल्म घेतलेली बरी.

सावलीत चित्र बदलते. धाब्याच्या घरात, दारापासून दोन पावलांवर बसलेल्या आजीचा चेहरा ४०० च्या फिल्मवर एफ/४ ला १/६० सेकंदात मिळू शकतो. आतल्या चुलीजवळ तोच एफ/२ मागतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत उजेड पुरेसा असतो, पण पानांतून गाळून आलेला, त्यामुळे रंगीत फिल्मवर चेहरे हिरवट पडतात. त्यावर लेन्स बदलून काही उपाय नाही. माणसाला बागेच्या कडेला आणावे.

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. व्यापारी घोड्याचा ओठ वर करून दात दाखवतोय, गिऱ्हाईक वाकून पाहतेय, आणि कॅमेरा दोन मीटरवर. ९०च्या लेन्सला एफ/२ वर इथे फोकसची खोली पुढे-मागे मिळून सुमारे ६ सेंमी. घोड्याचा डोळा शार्प ठेवला तर नाकपुडी गेली, व्यापाऱ्याची बोटेही गेली. एफ/५.६ वर खोली साडेसोळा सेंमी.पर्यंत येते, आणि डिसेंबरच्या सकाळी तेवढे ॲपर्चर आरामात परवडते. फोकस लावायचा कुठे, हेही ठरलेले हवे. उजळ चौकोनाला उभी कड लागते. घोड्याच्या गुळगुळीत गालावर दोन प्रतिमा जुळल्या की नाही ते कळत नाही. लगामाचा गालावरून उतरणारा पट्टा धरावा. तो दुहेरी दिसत असतो, रिंग फिरवत गेले की एकेरी होतो. माणसाच्या बाबतीत हेच काम चष्म्याची दांडी किंवा टोपीची कड करते. आडव्या कडांसाठी कॅमेरा उभा धरायचा. दरम्यान चौकटीबाहेरून दुसरा घोडा उधळत येत असेल तर तोही आधीच दिसतो, हा एरवी न मोजला जाणारा लाभ.

एफ/२ चे पैसे वसूल होतात ते काठीच्या राजवाडी होळीला. अक्कलकुवा तालुक्यातली ही होळी रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या, म्हणजे नवसाने नाचणारे, जाळाच्या उजेडात दिसतात तेवढेच. ४०० ची फिल्म आणि एफ/२ असूनही शटर १/१५ पर्यंत उतरते, आणि नाचणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. फिल्म पुश करावी, म्हणजे जास्त आयएसओची समजून वापरावी आणि धुताना जास्त वेळ ठेवावी, किंवा डिजिटल एम असेल तर ३२०० आयएसओवर एफ/२.८ ला १/६० मिळतो. ही मंडळी नवसाचे कडक नेम पाळत असतात. लांबची लेन्स आहे म्हणून न विचारता चेहरे टिपावेत, असा त्याचा अर्थ नाही.

निगा आणि जुन्या मालाची पारख

कापडी शटरच्या रेंजफाइंडरला खानदेशचे ऊन आणखी एका बाजूने घातक आहे. आत आरसा नसल्याने लेन्स थेट पडद्यावर प्रतिमा पाडते. उघड्या ॲपर्चरची लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर पडद्याला जळून बारीक छिद्र पडते आणि पुढच्या प्रत्येक फोटोवर पांढरा ठिपका उमटतो. गळ्यात कॅमेरा असताना ॲपर्चर एफ/१६ वर ठेवावे किंवा झाकण लावावे. झाकण काढायला विसरले तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळे छान दिसत राहते, हा रेंजफाइंडरवाल्यांचा जुना छळ. उन्हात तापलेल्या गाडीत लेन्स ठेवली की आतले ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरते. पावसाळ्यात बुरशीचा धोका असतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावे आणि डबा अधूनमधून उघडून जेल तापवून घ्यावे.

जुनी लेन्स मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातून घ्या किंवा कुणा ओळखीच्याकडून, तपासणी स्वतःच्या कॅमेऱ्यावरच करावी, कारण लेन्स आणि कॅमेरा दोघेही आपापल्या जागी ठीक असून जोडी बिघडलेली असू शकते. टेबलावर वर्तमानपत्र पसरावे, मधल्या एका ओळीवर पेन उभा धरून त्याच्या कडेवर फोकस लावावा आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला तिरप्या कोनातून १ मीटरवरून फोटो काढावा. शार्प ओळ पेनाच्या पुढची निघाली की मागची, ते लगेच कळते. मग ३ मीटरवर तेच करावे. शेवटी किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर घ्यावा. रिंग अनंताच्या खुणेवर टेकल्यावर टॉवरच्या दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. जवळचे बरोबर आणि लांबचे चूक निघाले तर दोष बहुधा कॅमेऱ्याच्या जुळणीत असतो. सगळीकडे सारखीच चूक निघाली तर दुसरी लेन्स लावून पाहावे, म्हणजे दोष कुणाकडे ते ठरते.