इन्शुलिन प्रतिरोधाचे निदर्शक आणि दीर्घकालीन हृदयविकाराचे पूर्वानुमान

स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्शुलिनला स्नायू, यकृत आणि मेदऊतक यांच्याकडून मिळणारा प्रतिसाद क्षीण झाला, की रक्तातील ग्लुकोज आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा अधिक इन्शुलिन स्रवावे लागते. या अवस्थेला इन्शुलिन प्रतिरोध म्हणतात. वाढीव इन्शुलिनमुळे साखरेची पातळी कित्येक वर्षे सामान्य राहू शकते आणि त्यामुळेच नुसती साखर तपासून ही अवस्था लक्षात येत नाही. ती ओळखण्यासाठी रक्ततपासणीतील दोन-तीन घटकांवरून जे अंक काढले जातात, ते इन्शुलिन प्रतिरोधाचे निदर्शक होत. ज्यांना हृदयधमन्यांचा जुना विकार किंवा हार्ट फेल्युअर (शरीराच्या गरजेइतके रक्त हृदय पुरवू न शकणे) आहे, अशा रुग्णांना पुढील काही वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचा, रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा किंवा मृत्यूचा धोका किती आहे, याचा अंदाज घेण्यासाठीही हे अंक अलीकडे वापरले जातात.

मधुमेहाचे काही रुग्ण इन्शुलिनला चटकन प्रतिसाद देतात आणि काही देत नाहीत, हे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये रेडिओइम्युनोअसे ही किरणोत्सारी खूण वापरून मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर रक्तातील इन्शुलिन अचूक मोजता येऊ लागले आणि मधुमेहाच्या अनेक प्रौढ रुग्णांत इन्शुलिन कमी नसून उलट जास्त असते, हे उघड झाले. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ च्या बँटिंग व्याख्यानात इन्शुलिन प्रतिरोध, उच्च रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक मेद) आणि घटलेले एचडीएल (‘चांगले’) कोलेस्टेरॉल यांची सांगड घालून तिला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. हा विषय हृदयरोगतज्ज्ञांच्या चर्चेत ठळकपणे आला तो तेव्हापासून.

मापनाची प्रमाण पद्धत म्हणजे राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली क्लॅम्प चाचणी. तिच्यात एका शिरेतून ठरावीक वेगाने इन्शुलिन सोडतात, दुसरीकडून ग्लुकोज देत राहतात आणि दर काही मिनिटांनी रक्त तपासून साखर एकाच पातळीवर खिळवून ठेवतात. ती तशी राहण्यासाठी जितके अधिक ग्लुकोज द्यावे लागेल, तितका इन्शुलिनला प्रतिसाद चांगला. चाचणीला काही तास आणि सतत देखरेख लागत असल्यामुळे ती संशोधनापुरतीच राहिली आहे. दवाखान्यात चालेल असा पर्याय ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ‘होमा-आयआर’ या नावाने दिला. उपाशीपोटीचे ग्लुकोज (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आणि इन्शुलिन (मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर) यांच्या गुणाकाराला ४०५ ने भागले, की हा अंक मिळतो. ग्लुकोज १०० आणि इन्शुलिन १२ असेल, तर तो साधारण २.९६ येतो. मात्र इन्शुलिन रक्तात स्पंदनांप्रमाणे कमीजास्त होत असते, नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या तर ते नष्ट होऊ लागते आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या किट एकाच नमुन्यासाठी वेगवेगळे आकडे देतात. त्यामुळे एका प्रयोगशाळेतील २.५ आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतील २.५ एकच समजणे धोक्याचे ठरते.

इन्शुलिन न मोजताच काम भागवणारा निदर्शक म्हणजे ट्रायग्लिसराइड-ग्लुकोज निर्देशांक. मेक्सिकोतील संशोधकांनी २००८ मध्ये तो मांडला आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइल (रक्तातील मेदांची तपासणी) आणि ग्लुकोजच्या अहवालावरून काढता येत असल्यामुळे गेल्या काही वर्षांत हृदयरोगाच्या संशोधनात त्याचा अक्षरशः पूर आला आहे. उपाशीपोटीच्या ट्रायग्लिसराइडला ग्लुकोजने (दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) गुणायचे, येणाऱ्या संख्येला दोनने भागायचे आणि मग तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा. ट्रायग्लिसराइड १५० आणि ग्लुकोज १०० असेल, तर निर्देशांक ८.९२ येतो. काही शोधनिबंधांत आधी लॉगॅरिदम घेऊन मग दोनने भागले आहे. त्या रीतीने हाच रुग्ण ४.८१ वर येतो. सूत्र कोणते वापरले हे न पाहता दोन निबंधांनी दिलेले धोक्याचे सीमा-अंक शेजारी ठेवणाऱ्या वाचकाची हमखास फसगत होते. याहूनही सोपे गुणोत्तर म्हणजे ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल. दोन्ही मिलिग्रॅममध्ये मोजल्यावर ते ३ च्या वर गेले, तर गोऱ्या लोकसमूहांत इन्शुलिन प्रतिरोधाची शक्यता बरीच असते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत मात्र ट्रायग्लिसराइड मुळातच कमी राहत असल्याने तिथे हे गुणोत्तर फारसे भरवशाचे ठरत नाही.

इन्शुलिन प्रतिरोध सर्वच कामांत सारखा नसतो आणि हृदयाला पोहोचणाऱ्या इजेचे मूळ बऱ्याच अंशी यातच आहे. पेशीत ग्लुकोज घेण्याचा आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याचा मार्ग मंदावतो, पण पेशींची वाढ घडवणारा मार्ग आणि मूत्रपिंडात सोडियम धरून ठेवण्याची क्रिया वाढलेल्या इन्शुलिनच्या प्रभावाखाली चालूच राहते. परिणामी रक्तवाहिन्या आकुंचित राहतात, त्यांच्या भिंती जाड होतात आणि रक्तदाब चढतो. मेदऊतकातून सुटणारी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) यकृतात गेली, की ट्रायग्लिसराइडने भरलेले लिपोप्रोटीन (रक्तातून मेद वाहून नेणारे कण) जास्त बनतात आणि एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान व दाट होतात. हृदयाचा स्नायू एरवी गरजेनुसार मेदाम्ले आणि ग्लुकोज यांत अदलाबदल करतो. ही लवचिकता गेल्यावर त्याच कामासाठी त्याला अधिक ऑक्सिजन खर्च करावा लागतो.

हृदयधमनीविकाराच्या रुग्णांत या निदर्शकांचा कल बहुतेक अभ्यासांत एकाच दिशेचा दिसतो: अंक जितका वर, तितके पुढील झटके आणि मृत्यू जास्त. वय, धूम्रपान, रक्तदाब आणि एलडीएल यांचा हिशेब केल्यावर हा संबंध बराच सौम्य होतो. मधुमेह आधीच जडलेल्या रुग्णात तर निर्देशांकातील ग्लुकोजचा वाटा मधुमेहाबद्दलच बोलत असतो आणि इन्शुलिनची सुई घेणाऱ्या रुग्णाच्या होमा-आयआरला काहीच अर्थ उरत नाही. औषधांचाही परिणाम असतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे ट्रायग्लिसराइडही उतरवतात आणि साखर किंचित वाढवतात. मेटोप्रोलोलसारखी बीटा-रोधके (नाडीचा वेग आणि रक्तदाब उतरवणारी औषधे) इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद थोडा घटवतात, त्याच गटातील कार्वेडिलोल तसे करत नाही. चालू उपचारांची नोंद नसलेला निर्देशांक म्हणूनच अर्धवट माहिती देतो.

हार्ट फेल्युअरमध्ये गुंता वाढतो. स्वीडनमधील उप्साला शहरातल्या वयस्क पुरुषांवर क्लॅम्प चाचणी करून नंतर वर्षानुवर्षे घेतलेल्या मागोव्यात, इन्शुलिनला कमी प्रतिसाद असणाऱ्यांना पुढे हार्ट फेल्युअर होण्याचा धोका जास्त असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी वोल्फ्राम डोह्नर आणि सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअर असलेल्या रुग्णांतही प्रतिसाद जितका कमी तितके आयुष्य कमी, असे दाखवले. म्हणजे प्रतिरोध आजाराच्या आधीही असतो आणि आजार स्वतःही तो वाढवतो: दुबळ्या हृदयामुळे अनुकंपी मज्जासंस्था (ताणाच्या वेळी हृदयगती वाढवणारी) सतत उत्तेजित राहते, तिच्यामुळे मेद विघटित होऊन मेदाम्ले रक्तात उतरतात आणि ती पुन्हा स्नायूंचा प्रतिसाद मंदावतात. शिवाय रक्त तुंबून सुजलेले यकृत इन्शुलिनचा निचरा नीट करू शकत नाही, त्यामुळे होमा-आयआर चढलेला दिसतो. अखेरच्या टप्प्यात रुग्ण खंगू लागला, की भूक मंदावते, ट्रायग्लिसराइड घसरतात आणि ट्रायग्लिसराइड-ग्लुकोज निर्देशांक ‘सुधारतो’. अशा रुग्णात कमी अंक म्हणजे चांगले भवितव्य असे समजणे चूक आहे. वजन, स्नायूंची झीज आणि अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) पाहिल्याशिवाय इथे या अंकावर भिस्त ठेवू नये.

भारतीयांच्या बाबतीत शरीराची ठेवण हा स्वतंत्र मुद्दा आहे. लंडनच्या साउथॉल भागातील दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत पोटाभोवतीची चरबी आणि इन्शुलिन प्रतिरोध शेजारच्या युरोपीय लोकांपेक्षा जास्त असल्याचे १९९१ मध्ये नोंदले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेले शेजारी-शेजारी उभे छायाचित्र वैद्यकीय वर्तुळात चांगलेच गाजले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा अंक) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुणे परिसरातील गावांमध्ये याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात तर वजनाने कमी असलेल्या नवजात अर्भकांतही स्नायूंच्या मानाने मेद टिकून राहिलेला आढळला. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘सडपातळ’ दिसणाऱ्या भारतीय हृदयरुग्णात प्रतिरोध नसेल असे वजनावरून ठरवता येत नाही. कमरेचा घेर मात्र मोजलाच पाहिजे.

निदर्शक खाली आणल्याने भवितव्य सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. मधुमेह नसलेल्या, पण होमा-आयआर ३ हून अधिक असलेल्या ३,८७६ रुग्णांना पक्षाघात किंवा त्याच्या तात्पुरत्या झटक्यानंतर पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरील औषध किंवा निष्क्रिय गोळी देणाऱ्या ‘आयरिस’ चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सुमारे पावणेपाच वर्षांत पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका औषध घेणाऱ्यांपैकी ९ टक्के आणि इतरांपैकी ११.८ टक्के रुग्णांना आला. लाभ खरा होता, पण वजनवाढ, सूज आणि अस्थिभंगही वाढले. प्रतिरोध थेट कमी करणारे हे औषध शरीरात पाणी साठवत असल्यामुळे लक्षणे असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये ते देत नाहीत. त्याच हार्ट फेल्युअरमध्ये, मुळात लघवीवाटे साखर बाहेर टाकण्यासाठी बनवलेल्या डापाग्लिफ्लोझिनने २०१९ च्या ‘डापा-एचएफ’ चाचणीत आजार बळावणे आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी केले, आणि त्या चाचणीतील निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हता. हे औषध सुरू करण्याचा निर्णय हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता, लक्षणे आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून घेतला जातो; त्यासाठी होमा-आयआर किंवा ट्रायग्लिसराइड-ग्लुकोज निर्देशांक काढावा लागत नाही.