उभी अनंतस्पर्शी आणि आलेखातील छिद्र : पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती अकरावी विज्ञानाला इंग्रजी पुस्तक येते आणि परिमेय फलनांच्या (एका बहुपदीला दुसरीने भागून मिळणाऱ्या फलनांच्या) आलेखात ‘असिम्प्टोट’ (आलेख जिच्या अधिकाधिक जवळ जातो ती रेषा) व ‘होल’ (आलेखात गहाळ असलेला एकच बिंदू, म्हणजे छिद्र) हे शब्द त्याला जोडीने भेटतात. ते जुळे वाटतात, पण त्यांच्या वयात सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. पहिला शब्द प्राचीन ग्रीकांच्या शंकुच्छेदांच्या (शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांच्या) अभ्यासातला असून त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र न येणारी’ असा आहे. मराठी ‘अनंतस्पर्शी’ मात्र अनंतात होणारा स्पर्श सांगते.

छिद्राची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १७४८ मधील एका गाजलेल्या ग्रंथात फलन म्हणजे चल आणि स्थिर संख्यांनी बनलेली राशी, अशी व्याख्या होती. त्या दृष्टीने (क्ष² − ४)/(क्ष − २) आणि क्ष + २ यांत फरक करण्याचे कारणच नव्हते. ‘लीलावती’तही (११५०) शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागलेली संख्या अविकृत राहते, असा नियम आहे, सामाईक अवयव काटण्याच्या सवयीचे ते फार जुने रूप म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकात फलन हा दोन राशींमधील संबंध मानला जाऊ लागला, पुढे प्रांत (ज्या किमतींना फलन लागू आहे त्यांचा संच) हा त्याच्या व्याख्येचाच भाग झाला, आणि मगच क्ष = २ या ठिकाणी बिंदू गहाळ आहे असे म्हणण्याला अर्थ आला.

सामाईक अवयव केव्हा काटावा, हा वाद आजही याच पायरीवर आहे. बीजगणितात ही दोन्ही रूपे एकच परिमेय राशी ठरतात, आणि ते योग्यच आहे. आलेख काढताना मात्र वर्जित (छेद शून्य करणाऱ्या) किमती लिहून ठेवण्याआधी अवयव काटणे ही प्रस्तुत लेखकाच्या मते चूक आहे. (क्ष² − ४)/(क्ष² − ५क्ष + ६) या फलनाचा छेद २ आणि ३ या दोन्ही किमतींना शून्य होतो. (क्ष − २) काटल्यावर (क्ष + २)/(क्ष − ३) उरते; म्हणून क्ष = ३ ही उभी अनंतस्पर्शी आणि (२, −४) येथे छिद्र. अवयव अंशात सामाईक आहे एवढ्यावरून मात्र छिद्र ठरत नाही: (क्ष − २)/(क्ष − २)² मध्ये काटल्यानंतरही छेदात एक (क्ष − २) शिल्लक राहतो आणि तेथे अनंतस्पर्शीच येते.

आता आलेख मोबाइलवर क्षणात उमटतो. पण छिद्र एका बिंदूएवढेच असल्याने पडद्यावरची रेषा बहुधा अखंड दिसते, आणि तेथील पोकळ वर्तुळ विद्यार्थ्याला वहीत स्वतःच काढावे लागते.