फर्नेसला ज्योत दिसते कशी?

शिकागो किंवा टोरांटोच्या थंडीत थर्मोस्टॅटचा आकडा वाढवला, की बेसमेंटमधल्या फर्नेसमधून, म्हणजे घर गरम करणाऱ्या गॅसच्या यंत्रातून, आधी नुसती घरघर ऐकू येते. गॅस पेटायला पाऊण-एक मिनिट जातं. पुण्या-मुंबईहून नव्याने गेलेल्यांना वाटतं, यंत्र जुनं झालं. पण तेवढ्या वेळात फर्नेस स्वतःचीच झडती घेत असते.

घरघर असते ती जळका वायू बाहेर फेकणाऱ्या छोट्या पंख्याची. त्याला नळीने एक प्रेशर स्विच जोडलेला असतो. पंखा फिरला आणि बाहेरची वाट मोकळी असली, तर दाबातल्या फरकाने स्विचमधला पातळ पडदा ओढला जातो आणि स्विच जुळतो. पाइप बर्फाने किंवा पक्ष्याच्या घरट्याने तुंबला असेल, तर तो जुळत नाही आणि गॅसही सुटत नाही. पंखा सुरू होण्यापूर्वी हा स्विच उघडा होता ना, हेही बोर्ड, म्हणजे फर्नेस चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, तपासतं. म्हणजे कोणी हुशारी करून स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या, तर फर्नेस सुरूच होत नाही!

मग गॅस पेटवणारा इग्नायटर हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो, व्हॉल्व उघडतो आणि काही सेकंदांत ज्योतीचा पुरावा द्यावा लागतो. तो देते ज्योतीत बुडालेली एक बारीक धातूची सळई. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून किंचित वीज वाहते. सळईला उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह देतात आणि दुसरं टोक म्हणजे बर्नरचा अर्थिंग केलेला पत्रा. सळई एवढीशी आणि पत्रा मोठा, शिवाय इलेक्ट्रॉन चपळ आणि धन आयन जड. त्यामुळे एका दिशेला प्रवाह जास्त, उलट दिशेला जवळजवळ नाहीच. हाती उरतो एकाच दिशेचा, जेमतेम काही मायक्रोअँपिअरचा डीसी प्रवाह. सळई चुकून पत्र्याला टेकली, तर प्रवाह दोन्हीकडे सारखाच वाहील आणि बोर्ड फसणार नाही. मला ही युक्ती सगळ्या यंत्रात सर्वांत देखणी वाटते.

जुन्या फर्नेसमध्ये हे काम थर्मोकपल, म्हणजे उष्णतेने वीज तयार करणारी दोन धातूंची जोडी, करायचं. सतत तेवणाऱ्या पायलट ज्योतीच्या उष्णतेवर सुमारे 30 मिलिव्होल्ट तयार व्हायचे आणि व्हॉल्व उघडा राहायचा. पण ज्योत विझल्यावर ते थंड होईपर्यंत गॅस सुटतच राही.

फर्नेस पेटते आणि लगेच विझते, ही तक्रार बहुतेक वेळा याच सळईची असते. तिच्यावर काचेसारखा पातळ थर बसून प्रवाह अडतो. वीज आणि गॅस बंद करून बारीक स्टीलवूलने हलकेच पुसली, की बऱ्याचदा काम होतं.

लिमिट स्विच आणि रोलआउट स्विच दिव्यांच्या जुन्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक तुटला की गॅस बंद. फिल्टर धुळीने भरून आतली हवा फार तापली, तर लिमिट स्विचमधली द्विधातूची चकती उलटी वळते, गॅस तुटतो आणि घरात गरम हवा ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, मात्र फिरत राहतो. थंड झालं की हा स्विच आपोआप जुळतो. ज्योत बर्नरबाहेर आली तर उडणारा रोलआउट स्विच मात्र बहुधा हातानेच दाबून पूर्ववत करावा लागतो. कारण शोधल्याशिवाय तो दाबू नये.

एवढ्या पहारेकऱ्यांत कार्बन मोनॉक्साइड मोजणारा कोणीच नसतो. जळका वायू आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या धातूच्या कप्प्याला, म्हणजे हीट एक्स्चेंजरला, तडा गेला, तरी ज्योत व्यवस्थित दिसत असली की बोर्डाचं समाधान होतं. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा धोकाही याच वायूचा. म्हणून तिकडे झोपायच्या खोल्यांजवळ वेगळा अलार्म लावतात. साधारणपणे तो फर्नेसला जोडलेलाही नसतो.