अमेरिकेतल्या शाळेत प्रार्थनेला बंदी?
‘अमेरिकेत सरकारी शाळेत प्रार्थना करणं, बायबल वाचणं गुन्हा आहे’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गैरसमज होण्यासारखंच प्रकरण आहे, कारण १९६२ आणि १९६३च्या न्यायालयीन निकालांनी खरंच काहीतरी थांबवलं. काय? तर शाळेने घ्यायची प्रार्थना आणि शाळेने करवून घ्यायचं बायबलपठण. डबा उघडण्याआधी एखाद्या मुलीने आपणहून हात जोडले, तर तिला अडवलेलं नाही. साहित्य किंवा इतिहास म्हणून बायबल शिकवायलाही १९६३च्याच निकालात मोकळीक आहे. पडताळायचं असेल तर अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती उघडा. मूळ इंग्रजीत धर्माविषयी जेमतेम १६ शब्द आहेत: सरकारने धर्म प्रस्थापित करू नये, आणि धर्माचरणाला आडकाठीही करू नये. मेसेजमध्ये हा दुसरा भाग सहसा गळालेला असतो.