सरासरी मादीची, टोकं नराची

काळा आणि नारिंगी असे दोन्ही रंग अंगावर मिरवणारं मांजर दिसलं, तर ती मादी आहे अशी खुशाल पैज लावा. नारिंगी रंगाचं जनुक मांजराच्या एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो काळा तरी असतो नाहीतर नारिंगी तरी. (क्वचित तिरंगी बोकाही जन्मतो, पण त्याच्याकडे बहुधा एक एक्स जास्तीचं असतं.) मादीकडे दोन एक्स असतात. तिची प्रत्येक पेशी त्यातलं एक चालू ठेवते आणि दुसरं गुंडाळून गप्प बसवते. कोणतं गप्प बसवायचं हे गर्भातच ठरतं, तेही निव्वळ योगायोगाने. जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली उंदरांच्या केसांच्या रंगांवरून ही कल्पना मांडली.

आता रंगाऐवजी शरीराचा आकार घ्या. त्यावर परिणाम करणारी काही जनुकं एक्सवर असतील, तर नराच्या हाती एकच फासा आहे. पडेल ते दान त्याने निमूट घ्यायचं. मादीचं शरीर दोन्ही एक्सच्या पेशींचं मिश्रण असल्यामुळे तिच्या वाट्याला दोन फाशांची सरासरी येते. एका फाशावर ६ पडण्याची शक्यता ६ त १, दोन्हींवर ६ पडण्याची ३६ त १. म्हणजे नर-मादींची सरासरी सारखी राहिली तरी टोकाला नर जास्त सापडणार.

पण हा प्रताप एकट्या गुणसूत्राचा की नरपणाचा? निसर्गाने उलटी मांडणीही करून ठेवली आहे. पक्षी आणि फुलपाखरं यांच्यात बेजोड जोडी, म्हणजे एकमेकांशी न जुळणारी दोन लिंग-गुणसूत्रं, मादीकडे असते. राइनहोल्ड आणि एंगक्विस्ट यांनी २०१३ मध्ये अनेक प्रजातींच्या आकारमानाची तुलना केली. बेजोड जोडी नराकडे असेल तिथे नरांत, मादीकडे असेल तिथे माद्यांत जास्त विविधता आढळली. मला हा पुरावा फार देखणा वाटतो.

मात्र यावरून बुद्धीबिद्धीतही टोकाला पुरुषच जास्त, असे निष्कर्ष काढायची घाई नको. २०२० मध्ये उंदरांचे दोनशेहून अधिक गुणधर्म तपासले गेले. शरीररचनेत नरांची विविधता जास्त निघाली, तर रोगप्रतिकारशक्तीत माद्यांची. हिशेब चोख जमत नाही, कारण बहुतेक जनुकं इतर गुणसूत्रांवर असतात. शिवाय माणसात गप्प बसवलेल्या एक्सवरचीही किमान १५ टक्के जनुकं तो हुकूम मानत नाहीत, ती आपलं काम चालूच ठेवतात.