थोर माणसांच्या फजित्या : आमच्या चित्रपुस्तकांबद्दल थोडंसं

नमस्कार,

पुडक्यात हे चारपानी पत्रक दिसलं म्हणून बिल समजून बाजूला ठेवू नका. बिल वेगळं आहे, ते खाकी पाकिटात. आमच्याकडे पुस्तकं घ्यायला येणारे आई-बाबा, आजी-आजोबा आणि शाळांच्या ग्रंथालयातल्या बाई साधारण तेच चार-पाच प्रश्न विचारतात. फोनवर उत्तर देताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आमचा पसारा म्हणजे तीन माणसं आणि दोन खोल्या. एक जण लिहितो, एक जण चित्रं काढते, तिसरा हिशोब बघतो आणि पुडकी बांधतो. आजवर पाच पुस्तकं झाली : गांधीजी, टिळक आणि आगरकर (दोघांचं मिळून एक), नेहरू, अब्राहम लिंकन आणि नेपोलियन. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. प्रत्येकाची पानं ३२. छपाईचा एक फर्मा १६ पानांचा, दोन फर्म्यांच्या वर गेलो तर किंमत वाढते, त्यामुळे कितीतरी चांगल्या गोष्टी आमच्या वहीतच राहिल्यात.

आता पहिला प्रश्न, जो बहुतेक आजोबा विचारतात : थोर माणसांची चेष्टा कशाला?

चेष्टा नाही हो. फजिती. आणि तीही बहुतेक वेळा त्यांनी स्वतःच सांगितलेली.

गांधीजींचंच घ्या. १८८८ साली ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते. तिथे गेल्यावर साहेब व्हायचं मनावर घेतलं. १९ शिलिंगांची उंच काळी हॅट घेतली, बॉण्ड स्ट्रीटवर १० पौंड मोजून सूट शिवला, रोज दहा दहा मिनिटं आरशापुढे टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात घालवली. मग नाचाचा क्लास. ३ पौंड फी भरली, तीन आठवड्यांत सहाएक धडे झाले, पण पियानो काय म्हणतोय ते काही कळेना. पियानो एकीकडे, पावलं दुसरीकडे. तर म्हणे कान तयार व्हायला हवा, म्हणून व्हायोलिन विकत घेतलं. आणखी ३ पौंड. लंगोटी उंदरांपासून वाचवायला मांजर पाळणाऱ्या आणि मांजराच्या दुधासाठी गाय घेणाऱ्या साधूची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. गांधीजींनी स्वतःची तुलना अशाच एका साधूशी केलीय. हे खूळ तीनेक महिने टिकलं.

यातलं काहीही आम्ही खणून काढलेलं नाही. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी पै-पैच्या आकड्यांसकट लिहून ठेवलंय. ज्या माणसाने आपलं हसं असं उघड्यावर मांडून ठेवलं, त्याच्याकडे बघून मूल हसलं तर त्याचा मान कमी होतो असं आम्हाला वाटत नाही. उलट भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतून तो माणूस जरा खाली उतरून बसतो.

त्याच पुस्तकात पान २० वर एक चित्र आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते वाचून दाखवताना घाई होते. अख्ख्या पानभर फक्त एका डोक्याची मागची बाजू. केस कुठे आहेत, कुठे नाहीत, एका ठिकाणी तर पायऱ्या. झालं असं की दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने गांधीजींचे केस कापायला नकार दिला. त्यांनी केस कापायचं मशीन विकत आणलं आणि आरशासमोर उभे राहिले. पुढचे केस कसेबसे जमले, मागचे पार बिघडले. कोर्टात बरोबरीचे वकील हसून बेजार. ‘केसांना काय झालं? उंदरांनी कुरतडले की काय?’

या पानावर मुलं हमखास हसतात. एका वाचनाला एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘माझे पण बाबांनी लॉकडाऊनमध्ये असेच कापले होते.’ सगळा वर्ग त्याच्या बाबांकडे वळला. हसू द्या, पूर्ण हसू द्या. मग शेजारच्या पानाकडे वळा. २१ वर चित्र नाहीच, फक्त गांधीजींचं उत्तर आहे : काळ्या माणसाच्या केसांना हात लावणं गोऱ्या न्हाव्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून मीच कापले. आणि त्याखाली, त्यांनी पुढे लिहिलेली गोष्ट : त्या न्हाव्याला तरी काय दोष द्यायचा, आपल्याकडे आपण आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांचे केस कापू देतो का? इथे आम्ही एकही वाक्य आमच्या पदरचं घातलेलं नाही. तुम्हीही घालू नका, ही विनंती. मूल विचारेल तेवढंच सांगा.

दुसरा प्रश्न मुलांचा असतो, आणि तो एकाच शब्दाचा : खरंच?

पहिलं पुस्तक काढलं तेव्हा या प्रश्नाने आमची झोप उडवली होती. गंमत म्हटली की तिला शेपूट फुटतंच. म्हणून आता प्रत्येक पानाच्या तळाशी उजवीकडे एक छोटं चिन्ह छापतो. लेखणी असेल तर ती गोष्ट त्या माणसाने स्वतः लिहिलीय किंवा त्या वेळी तिथे हजर असलेल्याने लिहिलीय. कान असेल तर ती सांगोवांगी आलीय. खरी असेल, नसेल, पण पिढ्यानपिढ्या सांगतात. कुंचला असेल तर ती आमच्या चित्रकार बाईंची भर आहे. नाचाच्या क्लासात पियानोखाली झोपलेलं मांजर कुंचल्याचं. ३ पौंड लेखणीचे.

या चिन्हांवरून घरोघरी वाद झाल्याचं आमच्या कानावर आलंय. सर्वांत मोठा वाद अर्थातच शेंगांच्या टरफलांवरून. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही’ या पानावर आम्ही कान छापलाय. एक आजोबा दुकानात येऊन रागावून गेले, कान काढा म्हणाले. आम्ही म्हटलं, आजोबा, गोष्ट काढली नाही ना! आम्हीही तीच ऐकत मोठे झालो. पण तिला लेखणी लावायची आमची छाती नाही.

त्यापेक्षा त्या पुस्तकातलं लेखणीचं पान बघा. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात जावं लागलं. तिथले १०१ दिवस कसे गेले ते आगरकरांनी नंतर लिहिलं. एकाच खोलीत दोघे. रात्री बोलत बसले की आवाज इतका चढायचा की पहारेकरी येऊन दटावायचे. आमच्या चित्रात पहारेकरी उशी कानावर दाबून बसलाय. उशी कुंचल्याची, आवाज खरा. हे दोघे पुढे एकमेकांशी किती कडाडून भांडले हे मोठ्यांना माहीत असतं, त्यामुळे हे पान वाचताना मोठ्यांचाच आवाज जरा बदलतो. मुलांना त्याची फिकीर नसते. त्यांना तुरुंगात रात्री गप्पा मारता येतात याचंच अप्रूप. पुढचं पान मंडालेचं. १९०८ ते १९१४, आणि ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहिलेलं, कारण शाई मिळत नव्हती. पेन्सिल सारखी हरवणाऱ्या मुलांच्या आयांना हे पान विशेष आवडतं.

कान-लेखणीचा हा खेळ परदेशी मंडळींनाही लावलाय. जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी चेरीचं झाड तोडलं आणि खरं सांगून टाकलं, ही गोष्ट आपल्याकडेही इंग्रजीच्या तासाला शिकवतात. वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले. मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने ती गोष्ट १८०६ च्या आवृत्तीत घातली. खरं बोलण्याचा धडा देणारी ही गोष्ट बहुधा रचलेलीच! वॉशिंग्टनवर आमचं पुस्तक नाही, पण लिंकनच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ही हकीकत दिलीय, कान कशाला म्हणतात ते समजावं म्हणून.

नेपोलियनचं पुस्तक आमच्याकडे सर्वांत कमी खपतं, आणि आम्हाला ते सर्वांत आवडतं. नेपोलियन बुटका होता हे कोणालाही विचारा. प्रत्यक्षात त्याची उंची सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने काही कमी नव्हे. फ्रेंच मापात ती ५ फूट २ इंच भरायची, पण फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. त्यात लंडनला जेम्स गिलरे नावाचा व्यंगचित्रकार बसलेला. त्याने नेपोलियन काढला तो एवढासा, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर त्याच्याहून मोठी टोपी, आणि सतत पाय आपटणारा. दोनशे वर्षं झाली, लढाया विसरल्या, चित्र राहिलं. या पुस्तकात डाव्या पानावर गिलरेच्या पद्धतीचा छोटू नेपोलियन आणि उजव्या पानावर मापाने बरोबर काढलेला. पुस्तकासोबत एक कागदी मोजपट्टी येते, ती दाराला लावा. त्यावर १६८ वर टोपीची खूण आहे. आपला मामा नेपोलियनपेक्षा बुटका निघाला की घरात काय होतं ते आम्हाला जरूर कळवा.

हसू म्हणजे धारदार वस्तू आहे, हे आम्ही या गिलरेकडूनच शिकलो. म्हणून एक नियम घालून घेतलाय : ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर हसायचं, नाहीतर ज्याने स्वतः होऊन सांगितलंय त्याच्याबरोबर हसायचं. नेहरूंच्या पुस्तकाची सुरुवात त्यामुळेच शंकरपासून होते. १९४८ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी आपलं साप्ताहिक सुरू केलं तेव्हा नेहरूंनी त्यांना सांगितलं की मलाही सोडू नका. शंकरांनी सोडलं नाही. पंतप्रधानांची नाना सोंगं काढली. आणि याच शंकरांनी १९५७ मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट उभा केला. आमच्यासारख्यांचे ते आजोबाच.

याच नियमामुळे काही गोष्टी आम्ही हसऱ्या मालिकेत घेत नाही. बाबासाहेबांवर पुस्तक का नाही, असं बरेच जण विचारतात. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. नवे कपडे घालून. जात कळल्यावर एकही गाडीवान बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचं, असं ठरलं. दहा वर्षांचं मूल बैलगाडी हाकतंय, हे चित्र नुसतं बघितलं तर गमतीचं दिसेल. तेच भय वाटतं. ते पुस्तक होतंय, पण वेगळ्या आकारात, वेगळ्या रंगांत, आणि त्यात कुंचल्याचं एकही चिन्ह नसेल.

शिवाजी महाराजांवरचं काम चालू आहे. तिथे प्रश्न सोपा आहे : हसायचं ते शाहिस्तेखानाला. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, लाल महाल, आणि बोटं गमावून निसटलेला खान. हे आपल्या आज्या कधीपासून हसत हसतच सांगत आल्यात. पण कान आणि लेखणी वेगळे करता करता आमची दोन वर्षं गेली. घाई करणार नाही.

वाचून दाखवण्याबद्दल फार सूचना नाहीत. एका बैठकीत अख्खं पुस्तक संपवायची गरज नाही. पौंडाचे रुपये करत बसू नका, गोष्ट तिथेच मरते. आणि ‘यावरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न कृपा करून शाळेसाठी राखून ठेवा.

व्यवहाराचं. एका पुस्तकाची किंमत १६० रुपये, पाचही एकदम घेतल्यास ७०० आणि टपालखर्च आमच्याकडे. शाळा आणि वाचनालयांना २० टक्के सूट. कागद आर्ट पेपर आहे, ओला हात लागला तर पानं एकमेकांना चिकटतात, तेव्हा वरण-भाताच्या वेळी जरा जपून. मधल्या पिना सैल झाल्या तर फेकू नका, पाठवून द्या, आम्ही नव्या मारून देतो.

शेवटी एक कबुली. लिंकनच्या पुस्तकातली मुख्य गोष्ट अशी : १८६० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफिल्ड गावच्या ग्रेस बेडेल नावाच्या ११ वर्षांच्या मुलीने लिंकनना पत्र लिहिलं, की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी वाढवा, बायकांना दाढी आवडते, त्या आपापल्या नवऱ्यांच्या मागे लागतील आणि तुम्हाला मतं मिळतील. लिंकननी चार दिवसांत उत्तर धाडलं : मला मुलगी नाही, तीन मुलगे आहेत; आणि मी कधीच दाढी राखलेली नाही, आता एकदम राखली तर लोकांना खूळ नाही का वाटणार? पुढच्या फेब्रुवारीत अध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला जाताना त्यांची गाडी वेस्टफिल्डला थांबली. त्यांनी गर्दीत ग्रेसची चौकशी केली, तिला भेटले. तोवर दाढी आली होती.

तर पहिल्या आवृत्तीत, पान ९ वर, लिंकन ते पत्र वाचतायत त्या चित्रात त्यांना दाढी आहे. चांगली भरघोस. तिघांनी प्रुफं तपासली, तिघांच्याही नजरेतून सुटली. तिसरीतल्या एका मुलीने पोस्टकार्ड पाठवून विचारलं की दाढी असताना ती दाढी वाढवा असं का लिहील? पान ९ च्या तळाशी लेखणीचं चिन्ह होतं, ही आणखी शोभा.

तुमच्याकडे पहिली आवृत्ती असेल तर या पत्रकाच्या मागे बिनदाढीचा एक चेहरा स्टिकरवर छापलाय. तो कापून पान ९ वर चिकटवा. काही मुलांनी तो न चिकटवता दाढीच खोडरबराने घासून काढायचा प्रयत्न केला. आर्ट पेपरवर ते होत नाही, नाकही जातं.