लाल दिवा लागल्यावर हातात किती वेळ असतो?

किल्ली 'ऑन'वर आणली, पण इंजिन सुरू केलं नाही, की डॅशबोर्डवर एकदम दहा-बारा दिवे लागतात. बहुतेक जण तिकडे न बघता थेट स्टार्टर मारतात. तिथे चार सेकंद थांबून बघावं, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. दिवे स्वतः शाबूत आहेत हे गाडी त्या वेळी दाखवत असते. एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचे दिवे आपापली तपासणी संपली की विझतात. तेलाचा आणि बॅटरीचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत लागलेलाच राहतो, आणि ते बरोबर आहे. इंजिन फिरत नसेल तर तेलाला दाब कुठून येणार आणि बॅटरी चार्ज कशी होणार? जुनी गाडी विकत घेताना हे चार सेकंद फार मोलाचे. जो दिवा या वेळी लागायला हवा तो लागलाच नाही, तर दोष झाकायला कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता असते. एअरबॅगचा दिवा तर आवर्जून तपासावा.

लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा आणि निळा म्हणजे नुसती माहिती, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रत्येक दिव्यामागे ठरावीक सेन्सर असतात आणि त्यांना ठरावीक गोष्टच कळते. ती कोणती, हे समजलं की आपल्या हातात किती वेळ आहे हेही समजतं.

सगळ्यांत कमी वेळ देतो तो तेलाचा दिवा. टोकाशी थेंब लोंबणारी लाल झारी. तेल किती उरलंय हे तो सांगत नाही. त्याला जोडलेल्या स्विचला एवढंच कळतं, की तेलाचा दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे की खाली. ही मर्यादा बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास असते. रस्त्यावर धावणाऱ्या चांगल्या इंजिनात हाच दाब साधारण २ ते ५ बार असतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. धोक्याची आगाऊ सूचना म्हणून या दिव्याकडे बघणं ही सगळ्यांत महाग पडणारी समजूत आहे.

दाब गेला की आत काय होतं? क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते. त्या फटीत दाबाने तेल येत राहतं, फिरणारा शाफ्ट ते स्वतःखाली ओढून घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. सगळं सुरळीत असताना धातूला धातू लागत नाही. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे असताना, शाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. तेल येणं थांबलं की थर फाटतो, बेअरिंगचा मऊ पृष्ठभाग घासून तापतो, वितळू लागतो आणि अखेर इंजिन जॅम होतं. म्हणून 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ' हा विचार इथे करूच नये. गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. सपाट जागी दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची. तेल कमी असेल तर योग्य प्रतीचं तेल भरून इंजिन सुरू करता येतं, पण काही सेकंदांत दिवा विझलाच पाहिजे. तेल पुरेसं असूनही दिवा लागला असेल, तर दोष तेलाच्या पंपात किंवा त्याच्या जाळीत असू शकतो. मग गाडी टो करूनच न्यावी. घाटातल्या वळणावर दिवा क्षणभर लुकलुकून विझला, तर तेल इतकं खाली गेलेलं असू शकतं की कललेल्या गाडीत पंप हवा ओढतोय. त्या लुकलुकण्याकडे काणाडोळा करू नका.

तापमानाचा दिवा थोडा अधिक वेळ देतो. मे महिन्यात भरलेली गाडी कसारा किंवा आंबोली घाट चढत असते, एसी पूर्ण चालू असतो, आणि काटा वर सरकायला लागतो. अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून आणतो. घामाघूम व्हाल, पण इंजिनावरचा भार हलका होईल. लाल दिवा लागलाच, किंवा बोनेटमधून वाफ दिसली, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावं. ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड एकदा वाकलं की हेड गॅस्केटचा (हेड आणि इंजिन यांच्यामधला सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थराचा) खर्च चुकत नाही.

रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडायचं नाही. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. वाफ जिरण्याआधीच कुकरचं झाकण उघडावं तसा हा प्रकार. दाब सुटताच त्यातला काही भाग त्याच क्षणी वाफ होतो आणि उरलेल्याला तोंडावर उडवतो. निदान अर्धा तास थांबा, आणि वरचा होज हाताला कोमट लागल्यावरच झाकणाला हात लावा. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कूलंट गळून गेलं की सेन्सर नुसत्या हवेत किंवा वाफेत उरतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. वर चढलेला काटा चालत्या गाडीत अचानक कोसळला, तर हायसं वाटून घेऊ नका. (अनेक छोट्या गाड्यांत सकाळी निळा थर्मामीटर दिसतो, तो फक्त इंजिन अजून थंड असल्याचं सांगतो.)

बॅटरीचा दिवा खरं तर बॅटरीचा नाहीच. त्याचं लक्ष चार्जिंगवर असतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट देतो. स्वस्थ पडलेल्या चांगल्या बॅटरीत १२.६ व्होल्ट असतात. चालताना दिवा लागला म्हणजे गाडी आता साठवणीवर चालली आहे. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी हेडलाइट, इंधनपंप आणि इंजिनचा संगणक मिळून तासाभराच्या आसपास रेटू शकते. एसी, म्युझिक सिस्टीम बंद करून जवळचं गॅरेज गाठणं इथे शक्य असतं. अपवाद एकच, पण मोठा. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. तो बेल्ट तुटला तर आधी बॅटरीचा दिवा लागतो आणि मागोमाग तापमान चढतं. तेव्हा हातात तास नसतो, मिनिटं असतात.

ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक सोडून बघावं. तरीही तो राहिला, तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. ब्रेकचे पॅड झिजतात तसे ब्रेकचे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागे तेल जातं आणि टाकीतली पातळी उतरते. म्हणून नुसतं तेल टाकून दिवा घालवणं घातक आहे; गळती आणि पॅड दोन्ही बघायला हवेत. एकटा पिवळा एबीएसचा दिवा असेल तर नेहमीचा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. लाल आणि एबीएस दोन्ही एकत्र लागले तर गाडी चालवू नये.

आता पिवळा 'चेक इंजिन'. याचा जन्म मुळात धुराच्या काळजीतून झाला. लॉस एंजेलिसच्या धुरकटलेल्या हवेशी झगडणाऱ्या कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाड्यांना स्वतःचे दोष स्वतः शोधायला लावलं. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना प्रमाणित पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण नियमांनी ही देखरेख आणखी कडक केली. म्हणूनच गाडी झकास पळत असतानाही हा दिवा लागतो. अनेक दोष तर लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय संगणक दिवा लावतच नाही. तो स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरू नये. या आठवड्यात गॅरेज गाठावं.

तो लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, असा त्याचा अर्थ. हे संगणकाला कळतं कसं, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकाचा एकेक दात सेन्सरसमोरून जायला किती वेळ लागतो, हे संगणक मोजत असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट होतात. त्यातला एक चुकला की शाफ्टला तेवढा धक्का मिळत नाही आणि पुढचे दात किंचित उशिरा येतात. तो उशीर पकडला जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके शाफ्टपर्यंत पोहोचून असाच भास होतो, म्हणून काही गाड्या एबीएसच्या सेन्सरकडून रस्ता खराब असल्याचं कळल्यावर ही मोजणी तेवढ्यापुरती थांबवतात.

न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा दिलेली त्यातली चिनी मातीची जाळी या उष्णतेने वितळू शकते. पेट्रोलला ठिणगी देणाऱ्या प्लगचं किंवा कॉइलचं काम त्या मानाने स्वस्तात होतं. कन्व्हर्टरचा खर्च त्याच्या कित्येक पट असतो. पाय हलका ठेवून वेग कमी करावा. तरीही लुकलुकणं थांबलं नाही तर गाडी उभी करावी.

बीएस-६ डिझेल गाड्यांत यात डीपीएफची भर पडली आहे. हे काजळी पकडणारं फिल्टर साफ व्हायला आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पाच किलोमीटर ऑफिस, पाच किलोमीटर घर असं चालवलं तर ते जमत नाही. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये, २००० आरपीएमच्या वर, १५-२० मिनिटं सलग चालवावं. टाळत राहिलात तर गाडी स्वतःची ताकद कमी करून घेते.

गॅरेजमध्ये स्कॅनर जोडल्यावर 'दिवा घालवून देतो' असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी थांबवा. दोषाच्या कोडसोबत संगणक त्या क्षणाची नोंद ठेवतो: वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं होतं. कोड पुसला की हीदेखील पुसली जाते. बॅटरीची वायर काढल्यानेही अनेकदा तेच होतं. पडद्याचा फोटो काढून घ्या, मग पुढचं काम करू द्या.